समुद्रासमोरची पाटी

वाटणीत समुद्राकडची वाडी थोरल्या जावेला मिळाली, तेव्हापासून अनुसूयेच्या पोटात दुखत होतं. थोरलीने पुढच्या माडावर ‘समुद्रासमोर खोल्या’ अशी पाटी ठोकली आणि किहीमला येणारे पाहुणे अनुसूयेच्या खोल्या सोडून तिकडे जाऊ लागले. “तुझ्याकडे सावली आहे की गं,” थोरली हसायची. मग दर पावसाळ्यात समुद्र आत येऊ लागला. “शाळेतल्या बाई म्हणतात, माणसांनीच जग तापवलं म्हणून समुद्र चढतोय,” लेकीने सांगितलं. “चढू दे,” अनुसूया पुटपुटली. थोरलीच्या खोल्या खचल्या, काल उधाणात पाटीचा माडही पडला. सकाळी थोरली ओली पाटी घेऊन दारात आली. “घे. आता तुझ्याच खोल्या समुद्रासमोर.” लाट कुंपणावर फुटली. अनुसूयेने पाटी धरून मागे पाहिलं. रस्त्यापलीकडे, समुद्र न दिसणाऱ्या घरात, शेजारीण निवांत भाजी निवडत होती. अनुसूयेच्या पोटात दुखू लागलं.