चौथ्या क्रमांकाचा चौक

फळीवरचा कप. बाहेरून जड गाडी गेली की तो बशीत खुळखुळतो.

प्रादेशिक परिषदेच्या सभागृहातली एक खुर्ची. तिच्या पाठीवर शहराचं नाव.

जीपच्या मागे ताडपत्री. तिच्याखाली काहीतरी जड.

भिंतीवर शाळेच्या गणवेशातला मुलगा. तो कधीच मोठा झाला नाही.

दाराशी खुंटीला टांगलेली पांढरी काठी.

"अप्पा, काठी घेत जा हो."

"काठी आंधळे घेतात. मला अजून उजेड कळतो."

अप्पांची ही मुलगी शहराची वाहतूक नियोजन अधिकारी होती आणि दोघांचं घर हमरस्त्यावरच्या चौकाला लागून होतं. फोटोतला मुलगा तिचा धाकटा भाऊ. या चौकातच रस्ता ओलांडताना तो गेला. तेव्हापासून घरात 'पूल' हा शब्द कुणी सहज उच्चारत नसे.

उड्डाणपूल एकट्या शहराच्या ऐपतीबाहेरचा होता. त्याचा निधी आजूबाजूची सगळी शहरं मिळून वाटत. प्रत्येक शहराने आपली कामं मांडायची, परिषदेने गुण द्यायचे, पहिल्या तीन कामांना पैसा. यादी पाच वर्षांतून एकदा होई. कच्च्या यादीत चौक चौथा होता.

"जिथे जीव गेलाय, तिथे जास्त गुण," तिने अप्पांना समजावलं होतं.

"मग आपले असतीलच की."

"मागच्या पाच वर्षांतलेच धरतात, अप्पा."

अप्पांनी भिंतीवरच्या फोटोची चौकट चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे आपला जुना झाला."

सोमवारी तिने चौकात रबरी पट्टे ठोकून घेतले. गाड्या हळू झाल्या. पुढची चाकं, मग मागची. धड, धड. अप्पा दिवसभर ओट्यावर बसून ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी पलीकडे जाऊन पेपर घेऊन आले. एरवी ते लांबच्या भुयारी वाटेने जात.

"ट्रकची धडधड जोरात, बसची धप्प," ते खुशीत म्हणाले. "काहीच वाजलं नाही की रस्ता मोकळा. माझ्यासाठी केलंस ना गं?"

"शहरासाठी केलं."

"शहर जातं का रोज पेपर आणायला?"

पेपर त्यांना वाचता येत नसे. पेपरवाला वाचून दाखवी, वर स्वतःची अक्कलही फुकट देई.

गुरुवारी नगराध्यक्षांनी बोलावलं.

"मॅडम, ते पट्टे कुणाच्या डोक्यातून आले?"

"माझ्या."

"वा! आपल्याच हाताने पायावर धोंडा." त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली. "उद्या सकाळी सभेआधी परिषदेचा सचिव पाहणीला येतोय. हंगामी उपाय दिसला की धोका कमी झाला असं धरतात. गुण कापतात."

"नियम पाठ आहे मला."

"मग?"

"मग काय, काढून टाकायचे? आणि कुणी गेलं तर?"

"एका सकाळचा प्रश्न आहे. दुपारी परत ठोका. पूल नाही झाला, तर पाच वर्षांत किती जातील, ते सांगा ना."

"हे पाप माझ्याकडून व्हायचं नाही, साहेब."

"मी कुठं काय म्हणतोय? चौक तुमचा, घर तुमचं. तुम्ही ठरवा."

शुक्रवारी सकाळी तिने चहा ठेवला. अप्पा दाढी करून तयार होते.

"आज सगळं कसं शांत आहे," ते म्हणाले.

ती परिषदेच्या सभेचं भाषण मनात घोळवत होती. "हं. अप्पा, आज पेपर मी आणते."

"का? माझे पाय मोडलेत?"

"नाही, पण आज…"

फोन वाजला. नगराध्यक्ष. निघालात का, कुठवर आलात, उशीर नको. तिने किल्ल्या उचलल्या. "मी येईपर्यंत थांबा हं."

"तू येईपर्यंत पेपर शिळा होतो. जा तू. पूल घेऊन ये."

वळणावर जीप मागे वजन असल्यासारखी रेंगाळली.

सभागृहात शेजारच्या शहराचा प्रतिनिधी तिच्या कानाशी वाकला. "माझ्या बस डेपोला तुम्ही हात वर केलात. तुमच्या पुलाला मी दोन्ही करतो. पडलो तर सावरा म्हणजे झालं."

ती हसली नाही.

सचिव उशिरा आले. बुटांवर चौकातली धूळ. "पाहून आलो तुमचा चौक," ते बसता बसता म्हणाले. "कागदावर दिसतो त्याहून वाईट आहे."

"हो," ती म्हणाली.

यादी वाचली गेली. पहिलं काम, दुसरं काम. तिसरं: चौक. हात वर झाले. शेजाऱ्याने खरोखर दोन्ही केले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या चालू असतानाच तिचा फोन थरथरला. पेपरवाला होता.

"ताई, लगेच या. अप्पा…" त्याला दम लागला होता. "घाई नव्हती हो त्यांना. कडेला उभे राहिले, कान देऊन. मग अगदी निवांत निघाले. ट्रकवाला म्हणतो, म्हातारा असा चालत आला जसा रस्ता त्याच्याच अंगणात आहे."

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"काय झालं?" सचिवांनी विचारलं.

"चौकात. ट्रकखाली. एक म्हातारा माणूस गेला."

"अरेरे." सचिवांनी पेनाचं टोपण लावलं. आवाज खाली आणून, धीर द्यावा तसे म्हणाले, "पण हा यंदाच्या मोजणीत बसेल बरं का. आता तुम्हाला यादीतून कुणी हलवू शकत नाही."

शुक्रवारी पहाटे, अप्पा उठायच्या आधी, तिने समोर उभं राहून पट्ट्यांचे खिळे उपटून घेतले होते आणि पट्टे जीपमध्ये ठेवले होते, सभेहून परतल्यावर लगेच ठोकता यावेत म्हणून.