दारावरचा बल्ब

सोचिमिल्कोत घरोघरी नाताळच्या बाजारासाठी लावलेली लाल पानांच्या नोचेबुएनाची रोपं रंगायला लागली होती. फिदेन्सिओच्या हरितगृहात मात्र एक पान लाल होईल तर शपथ!

"लाल कुठून होणार?" शेजारचा तिबुर्सिओ करवादला. "या रोपांना रात्री मिट्ट काळोख लागतो, आणि तुझ्या दारावर रात्रभर बल्ब! विझव की लेका. अजून नाताळ गाठतील."

फिदेन्सिओला हे काय कळत नव्हतं? काळं कापडही बांधून पाहिलं होतं त्याने, पण फटीफटींतून उजेड शिरायचाच. तो बल्ब एउलालियाने, त्याच्या बायकोने लावलेला. त्यांचा मुलगा साउल पावसाळ्यात फुलं विकायला शहरात गेला तो परतलाच नाही, तेव्हापासूनचा. परवा पितरांच्या सणाची वेदी मांडताना तिच्या सासूने साउलचा फोटो हातात घेतला मात्र, एउलालियाने तो हिसकावून घेतला होता. "जित्या माणसापुढे कसली मेणबत्ती लावता?"

सणाच्या सकाळी फिदेन्सिओचा धीर सुटला. "अगं, वर्षाचं पीक चाललंय हातचं. पोरींना काय खायला घालू?"

"आणि तो अंधारात आला, घर सापडलं नाही तर?"

तो टोपली उचलून बाजाराला निघून गेला.

 

संध्याकाळी परतला तेव्हा दारात काळोख होता, आणि आत वेदीवर साउलच्या फोटोपुढे मेणबत्ती जळत होती.