पिंपळापर्यंत जाऊन या

बॅगा शिवणाऱ्या चाचांचा दंडकच होता: भरलेली पिशवी पाठीवर घ्या, गल्लीच्या टोकाच्या पिंपळापर्यंत जाऊन या, मगच पट्टे पसंत करा.

दिगंबरने लेकीच्या, ओवीच्या, डिस्क गोल्फच्या अठराच्या अठरा चकत्या पिशवीत भरल्या, जाड मऊ पट्टे लावून घेतले आणि तो निघाला. चालता चालता डोळे अर्धवट मिटले. गल्ली विरघळत गेली. पठारावरचं गवत डोलू लागलं, ओवीने फेकलेली केशरी चकती झाडांवरून तरंगत गेली आणि लोखंडी टोपलीत शिरली तशा टोपलीच्या साखळ्या किणकिणल्या. सहा वर्षं हे सगळं तो तिच्या मागून, पिशवी वाहत बघत आला होता.

"हेच पट्टे," परत येऊन तो म्हणाला. "खांद्याला कळतसुद्धा नाहीत. घ्या माझं माप."

"माप माझं घ्या, चाचा," म्हणत दुकानात थांबलेल्या ओवीने त्याच्या पाठीवरची पिशवी काढून स्वतःच्या पाठीवर चढवली.

दिगंबरचा हात सवयीने रिकाम्या खांद्याकडे गेला. "मग मैदानावर मी काय करू गं?"

तिने मागे हात घालून केशरी चकती काढली आणि त्याच्या हातात ठेवली. "खेळ."

इतकी वर्षं वाहिलेली वस्तू इतकी हलकी असते, हे त्याला आज कळलं.