रडकी काच

“माझ्या स्टुडिओतनं रडकं तोंड भाईर पडत न्हाय!” निपाणीचा फोटोवाला बाळगोंडा छाती ठोकून सांगायचा. फोटो तेव्हा काचेवर निघायचे. रडकी काच बायको राखेनं घासून खिडकीला बसवायची. पण वर्षभर त्याला स्वतःलाच जगणं नकोसं झालेलं, अन् तोंडानं सांगवत नव्हतं. बायकोला दिसावं म्हणून तो कॅमेऱ्याची दोरी अंगठ्याला बांधून स्वतःचाच फोटो काढायला बसला. पहिल्यांदा नुसता फेटा आला. दुसऱ्यांदा कॅमेराच अंगावर कोसळला. तिसऱ्यांदा आतलं सगळं काचेवर उतरलं. काच वाळत ठेवून तो जैनांच्या देवळात, बस्तीत, देवापुढं धीर गोळा करून आला. “अवो, कुणाचं तरी लई रडकं तोंड आलतं,” बायको म्हणाली, “टाकलं घासून.” “कुणाचं, वळखलं न्हाईस?” “रडकं तोंड कोण बघत बसतंय? तुमीच शिकवलंसा न्हवं!” बाळगोंडा हसला. बायकोनं ती घासलेली काच खिडकीला लावून बघितली; दोन बोटं कमी पडली.