पांढऱ्या सदऱ्यातला माणूस

रत्नदीपने तिसऱ्यांदा हाक मारली तरी खालून उत्तर आलं नाही.

हेलिकॉप्टर महाळुंगे पडवळच्या शिवारावर घिरट्या घालत होतं. खाली सहा-सात एकर उभा ऊस, एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला डांबरी रस्ता. त्या उसात एक फरारी शिरला होता आणि त्याच्या मागे संपत हवालदार एकटेच गेले होते.

२००७ सालचा नोव्हेंबर. दुपारचे दोन वाजले होते. आळे गावच्या माळावर चार दिवसांपासून पोलिसांचं प्रशिक्षण चाललं होतं. वरून हेलिकॉप्टरनं बघायचं, वॉकीटॉकीवर सांगायचं आणि खालच्यांनी त्याप्रमाणे हलायचं. फौजदार रत्नदीप पायलटशेजारी बसून ते बघण्याचं काम करायचा. तो जवळच्याच डिंगोरे गावचा. आपल्या तालुक्यात हे प्रशिक्षण व्हावं म्हणून त्याने दोन वर्षं अर्ज केले होते. त्याच्यासकट सगळ्यांना हा सरावच वाटत होता, तोवर खरी बातमी आली. खुनाच्या आरोपीला कोर्टाच्या तारखेला नेणारी गाडी पंक्चर झाली आणि तो पळाला. अंगात पांढरा सदरा. बांधावरचा कोयता उचलून उसात घुसला.

आणि सगळ्यात जवळ होते ते संपत हवालदार. रत्नदीपचं तिथंच डोकं फिरलं.

चार दिवस हा माणूस मागच्या बाकावर पेंगत होता. प्रश्न विचारला तर नुसती मान हलवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. काल रत्नदीप त्याला सगळ्यांदेखत म्हणाला होता, तुमच्यासारख्यांमुळे कुणाचा तरी जीव जाईल. हवालदार उठले आणि पाणी प्यायला गेले.

"संपत हवालदार, ऐकू येतंय का?"

खरखर झाली. मग धापा टाकत आवाज आला, "हां साहेब, बोला."

"कुठं आहात?"

"उसातच हाय."

रत्नदीपने शिकवल्याप्रमाणे आधी आपला माणूस ओळखून घेतला. त्याने हात वर करायला सांगितला. पाण्याच्या मोटरच्या खोलीजवळच्या मोकळ्या पट्टीत खाकी सदऱ्यातला एक माणूस पुढे आला आणि त्याने हात वर केला. डोक्यावर टोपी होती. रत्नदीपने दुर्बीण सरकवली. खाकीपासून चाळीस पावलांवर, उसाच्या दोन ओळींमधल्या सरीत काहीतरी पांढरं आडवं पडलेलं दिसलं.

"तुमच्या उजव्या हाताला आहे. सरीत लपून पडलाय. हलत नाहीये. जा, धरा."

खाकीतला माणूस हलला नाही.

"साहेब, त्याच्याकडं कोयता हाय. मी एकटा. आपली मानसं कुठं हायेत?"

रत्नदीपने राग गिळून सांगितलं. अमृता फौजदारांची जीप घोडेगावकडून येतेय, अजून दहा मिनिटं लागतील. कालव्याच्या पुलावर चार शिपाई आहेत. रस्त्यावर आळ्याचे दोन होमगार्ड आहेत, बाकी तिकडे कुणी नाही.

"मग मी रस्त्याच्या बाजूनं वळसा घालून येतो."

"वळसा कशाला? चाळीस पावलं आहेत."

उसाचे शेंडे हलत गेले, ते रस्त्याच्या दिशेने. पांढरा ठिपका होता तिथेच पडून होता. पायलटने विचारलं की खाली उतरायचं का. खाली विजेच्या तारा होत्या, आणि शिवाय नजर हटली तर फरारी निसटणार. रत्नदीप नको म्हणाला.

"हवालदार, तुम्ही पळताय. वरून सगळं दिसतंय मला. मी लेखी तक्रार करणार आहे तुमची."

"करा साहेब," आवाज आला. "माजा गुडघा गेलाय."

थोड्या वेळाने होमगार्डचा निरोप आला. एक हवालदार उसातून आलेत, चिखलानं भरलेत. गुडघा दुखतोय म्हणतात आणि दवाखान्यात जायला मोटरसायकल मागतात. द्यायची का?

दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी झगडलो ती एका भित्र्या माणसाने मातीत घातली, असं रत्नदीपला वाटलं. उद्या सगळे म्हणणार, हेलिकॉप्टर आणलं आणि डोळ्यांदेखत आरोपी घालवला.

"द्या," तो म्हणाला. "जाऊ द्या त्याला. मला त्याचं तोंड बघायचं नाही. तुम्ही दोघं उसाच्या कडेला उभे राहा. पांढऱ्या सदऱ्यातला बाहेर आला तर सोडू नका."

मोटरसायकल धूळ उडवत दिसेनाशी झाली. रत्नदीपने तिकडे पाहिलंही नाही. पांढऱ्या ठिपक्यावरून त्याने दुर्बीण काढली नाही. मधे एकदा त्या ठिपक्यातून एक हात वर उठल्यासारखा झाला आणि पडला. शरण येतोय असं सोंग करतोय, रत्नदीप पायलटला म्हणाला.

अमृताची जीप आली. चारही शिपाई पुलावरून धावत आले. रत्नदीप त्यांना एकेक पाऊल सांगत गेला. डावीकडे, आता सरळ, आता वाका, तिसऱ्या सरीत. कोयत्यापासून जपून. पाच जणांनी त्या जागेला वेढा घातला. वरून सगळं अगदी शिकवल्यासारखं दिसत होतं. चार दिवसांत पहिल्यांदाच रत्नदीपचा श्वास मोकळा झाला.

अमृता पुढे झाली आणि गुडघ्यांवर बसली.

"अमृता फौजदार, धरला का?" रत्नदीपने वरून विचारलं.

"सर, हा सदरा नाही, बनियन आहे," ती म्हणाली. "हे संपत हवालदार आहेत."