पहिला हक्क घरचा

शिपाई खुर्चीत आ वासून पडला होता. तिने त्याची दाढ अर्धीच कोरली होती, तेवढ्यात तळावरच्या मोठ्या साहेबांची गाडी खिडकीखाली येऊन थांबली. साहेब स्वतः उतरले. टोपी हातात होती.

हवाई दलाच्या या तळावर दातांची डॉक्टर म्हणून तिची बरीच वर्षं गेली होती. ही गाडी भरदिवसा अशी का येते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने दाढेत तात्पुरतं सिमेंट भरलं, शिपायाला "आज या बाजूने चावू नकोस" म्हणून सांगितलं आणि हातमोजे काढले.

विमान पडलं की घरी फोन करायचा नाही. मोठ्या साहेबांनी दारात जाऊन सांगायचं आणि सोबत त्या घरच्या ओळखीची एक बाई न्यायची, अशी तिथली रीत. ती बाई म्हणजे हीच. काळीज घट्ट म्हणून तिला नेत. काळीज मुळीच घट्ट नव्हतं, पण एकदा तसा लौकिक झाला की झाला. एक नियम मात्र तिने स्वतः भांडून घालून घेतला होता. मागे एका बिचारीला नवऱ्याची बातमी दूधवाल्याकडून कळली होती. तेव्हापासून, घरच्यांना सांगेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव दुसऱ्या कुणाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पहिला हक्क घरचा.

"डॉक्टर, जरा चलता?" साहेब दारातून म्हणाले.

"चला. नाव सांगू नका."

साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. एरवी ते ड्रायव्हरशेजारी बसत. आज मागे तिच्याजवळ बसले.

नाव तिला ठाऊकच होतं. आज सकाळी एकच विमान उडणार होतं आणि ते पाहुणा नेणार होता. पाहुणा म्हणजे तुकडीतला सगळ्यात तरणा वैमानिक. जेवायच्या वेळेला नेमका हिच्या दारात उगवायचा, म्हणून हिच्या नवऱ्यानेच हे नाव ठेवलेलं. नवऱ्याने त्याला उडायला शिकवलं होतं. सगळा तळ नवऱ्याला मास्तर म्हणे, आणि घरात तीही.

पाहुण्याचं तान्हं बाळ तापाने फणफणलं होतं. सकाळी चहा पिताना तिने मास्तरांना बजावलं होतं, "तो रात्रभर जागलाय. आज त्याला उडवू नका." मास्तर बूट घालता घालता म्हणाले होते, "बघतो."

तो शब्द आठवला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वयंपाकघरातला नळ कधीपासून 'बघतो'वरच ठिबकत होता.

"हे टळलं असतं, साहेब. मी सकाळीच सांगितलं होतं मास्तरांना."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "काय म्हणाला तो?"

"बघतो म्हणाले. आता काय बघणार, कपाळ?"

साहेबांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

तिला स्वस्थ बसवेना. काय सांगायचं त्या पोरीला, पाहुण्याच्या बायकोला? 'मला माहीत होतं गं, मी बोललेही होते,' असं? दारात गेल्यावर चार शब्द तरी सुचावेत म्हणून ती पाहुण्याचं एकेक आठवू लागली, आणि जे आठवावं ते मास्तरांचंच निघत होतं. पाहुणा बाळाला गाणी म्हणत नसे. हवामानाचा अंदाज सांगे: वारा पश्चिमेचा, ढग विरळ, दृश्यता चांगली. ही युक्ती मास्तरांची. तिची नि मास्तरांची लेक याच अंगाईवर मोठी झाली होती. विमानातून उतरला की पाहुणा तडक घर गाठी. तीही मास्तरांचीच खोड. इंधनाच्या वासासकट ते शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहत. लेक लाजून त्यांना चांगलं लांबून मागे चालायला लावी, आणि कोपरा वळला की दप्तर त्यांच्या खांद्यावर अडकवून दिवसभराच्या तक्रारी सुरू करी.

"घरावर फार जीव होता त्याचा," साहेब एकदम म्हणाले.

"असणारच. चेला कुणाचा? मास्तरांना तुम्हीच सांगा. पोटच्या पोरासारखा होता तो त्यांना. घास उतरायचा नाही घशाखाली. आणि मी तर आज त्यांचं तोंडसुद्धा बघणार नाही."

ड्रायव्हरने गाडीचा वेग आणखी कमी केला.

पाण्याच्या टाकीपाशी रस्ता फुटत होता. उजवीकडे नवी घरं, तिथे पाहुणा राही. डावीकडे जुनी, तिथे ती. गाडी डावीकडे वळली.

"अरे, उजवीकडे," ती म्हणाली.

ड्रायव्हरने ऐकलं न ऐकलंसं केलं. मग तिचं तिलाच उमगलं. आजारी बाळ घेऊन ती पोर एकटी घरात, तिला आधीच आपल्याकडे आणून बसवली असणार. साहेबांना बरं सुचलं. तिने रुमालाने तोंड पुसलं, घसा साफ केला. आपण आधी रडायचं नाही, एवढं तिने मनाशी घोकलं.

गाडी तिच्या फाटकाशी थांबली. अशा वेळी साहेब पुढे होत आणि ती मागून चाले. आज ते तिच्या बाजूचं दार उघडून तिथेच उभे राहिले.

घराच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं. गाडी बघून तो माणूस उठला. पायजमा, चुरगळलेला शर्ट, गादीवरून कुणी उठवून आणल्यासारखे डोळे. पाहुणा होता. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मास्तरांनी तिचं ऐकलं होतं.