पावणेबारा

केझाया लूमिस आयोवाच्या विधानसभेच्या गॅलरीत पहिल्यांदाच बसली होती. नवरा एफ्राइम सभासद म्हणून वर्षानुवर्षं हिवाळ्यात इथे यायचा आणि शेत, गुरं, बर्फ सगळं तिच्या गळ्यात टाकायचा. त्यांचा मुलगा आसा नदी ओलांडताना होडी उलटून बुडाला, तेव्हाही तो इथेच होता.

आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे बारा वाजले की सभा संपली, आणि उरलेलं विधेयक मेलं. उरलं होतं एफ्राइमचं, नदीवरच्या पुलाचं. ते मरावं म्हणून दुसरा एक सभासद, होबार्ट क्रेन, मघापासून डुकरांच्या जातींवर बोलत होता. नदीवरच्या होडीचा ठेका त्याच्या मेहुण्याकडे होता.

“जीभ आहे का गिरणी?” केझाया पुटपुटली. बाराला पाच कमी होते.

“आता खाली बघ बाई,” शेजारची म्हातारी म्हणाली. “इथली रीत आहे. घड्याळाकडे कुणी बघायचं नसतं.”

खरंच, सगळे सभासद आपापले बूट न्याहाळू लागले. सभापती चष्मा पुसत बसले. केझायाने मात्र मान खाली घातली नाही.

एरवी घड्याळ थांबवायचं काम दरवानाचं, पण त्याचा गुडघा धरला होता. एफ्राइमनेच शिडी लावली. घरी माळ्यावर चढायला घाबरणारा माणूस सरसर वर गेला. त्याने मोठा काटा मागे सारला आणि लंबक हाताने थांबवला. पावणेबारा.

क्रेनची मानही खालीच होती. त्याचे स्वतःचे रस्ते याच रीतीने मंजूर झाले होते. आता बोलणार कोणत्या तोंडाने?

एवढी मिशाळ, भांडकुदळ माणसं, आणि तिच्या पोराच्या नदीसाठी शाळेतल्या मुलांसारखी गप्प बसली होती! या माणसाला तिने आयुष्यभर बिनकामाचा म्हटलं होतं.

बाहेर चर्चच्या घंटेने बारा वाजवले. ते कुणीच ऐकले नाहीत. मग एक वाजला. क्रेनचं पोट जिभेपेक्षा लवकर थकलं आणि तो खाली बसला. मतासाठी एकेकाचं नाव पुकारलं गेलं. पूल मंजूर झाला.

एफ्राइम गॅलरीत आला. तळहात धुळीने काळे झाले होते.

“फार उशीर केला ना गं मी?”

तो जेवणाबद्दल विचारत नव्हता. केझायाने झग्याच्या खिशातला रुमाल काढून त्याचे हात पुसले, आणि वर पाहिलं.

“घड्याळ बघा की,” ती म्हणाली. “अजून बारा वाजायचेत.”